डॉक्टरांपुढे बसल्यावर काय सांगायचं, काय विचारायचं
वाचकांची पत्रं आणि उत्तरं

पुण्यातल्या सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांच्या ओपीडीत मी सिस्टर म्हणून नोकरी केली. डॉक्टरांच्या टेबलाशेजारी उभी राहून माणसं काय सांगतात आणि काय गिळून टाकतात, ते रोज पाहिलं. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. दुखणी चार तऱ्हांची, अडचण मात्र एकच. पेशंटची हकीकत पेशंटच्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही. खरं तर पहिली तपासणी तीच. रक्त, लघवी, सोनोग्राफी हे सगळं तिच्या मागून येतं.

प्रश्न : माझं वय ६१. दिवाळीपासून चक्कर येते. सातारा रोडवर एका मोठ्या डॉक्टरांकडे जाते. दोन-दोन तास बसून नंबर लागतो आणि पाच मिनिटांत बाहेर. ते कॉम्प्युटरकडे बघत असतात. मी बोलायला लागले की मधेच दुसरं काहीतरी विचारतात, मग माझं सगळं विसरायला होतं. रिक्षात बसल्यावर आठवतं की अमुक सांगायचंच राहिलं. घरी यजमान चिडतात. मी काय करू?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : ताई, विसरायला होतं यात तुमचा काही दोष नाही. अमेरिकेत १९८४ साली दवाखान्यातली संभाषणं टेप करून एक अभ्यास झाला होता. पेशंटनं बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलत होते. पुढे २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना सांगून ठेवलं, की पेशंटचं बोलणं संपेपर्यंत थांबा. तेव्हा पेशंटनी सरासरी ९२ सेकंद घेतले. म्हणजे माणसाला आपली तक्रार सांगायला दीड मिनिट पुरतं. आपल्याकडच्या गर्दीत ते दीड मिनिट कुणी आपणहून देईल असं धरून चालू नका. ते घरूनच तयार करून न्या.

आदल्या दिवशी एका कागदावर लिहा. पाठकोरा कागद चालेल, पण अक्षर मोठं काढा, म्हणजे चष्मा शोधावा लागणार नाही. सगळ्यांत जास्त त्रास देणारी गोष्ट सगळ्यांत वर. कितीतरी माणसं गुडघ्यांपासून सुरुवात करतात आणि छातीत धरल्यासारखं होतं हे उठता उठता सांगतात. तोवर डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवलेली असते.

आता तुमच्या चक्करेचं. नुसतं ‘चक्कर येते’ एवढ्यावर डॉक्टरांना फार कळत नाही. घर गरगर फिरतं का? उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते का? की डोकं ठीक असतं, पण चालताना तोल जातो? या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. घर फिरत असेल तर बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागाकडे बघतात, अंधारी येत असेल तर रक्तदाब आणि हिमोग्लोबिनकडे, तोल जात असेल तर नसा आणि मेंदूकडे. तेव्हा कधी येते, किती वेळ टिकते, काय केल्यावर येते आणि सोबत आणखी काय होतं, एवढं तरी कागदावर हवंच.

आत गेल्यावर पहिलं वाक्य असं असू द्या : “डॉक्टर, मला आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, दिवाळीपासून अंथरुणात डाव्या कुशीवर वळलं की घर फिरतं, अर्धा मिनिट टिकतं, मळमळतं. दुसरी, रात्री पायात गोळे येतात.” (हे नमुन्यादाखल, तुमचं जे असेल ते घाला.) दोन गोष्टी आहेत असं आधीच सांगितलं की डॉक्टरही दुसरीची वाट बघतात. मधे त्यांनी काही विचारलं तर त्याचं उत्तर द्या आणि न घाबरता म्हणा, “माझी दुसरी गोष्ट राहिली.” यावर चिडलेले डॉक्टर मी फार थोडे पाहिले. ‘मला स्पॉन्डिलायटिसच असणार’ अशी सुरुवात मात्र नको, निदान त्यांना करू द्या. पण मनात भीती असेल, बहिणीला काही झालं होतं म्हणून तुम्हाला धाकधूक असेल, तर ती जरूर सांगा. त्यातून घराण्यातली माहिती कळते, आणि त्या भीतीला उत्तरही मिळतं.

घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट एका पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक चूर्ण, होमिओपॅथीच्या बाटल्या, दुकानातून आपल्या आपण आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या, सगळं. भोरकडच्या एक मावशी पाय सुजले म्हणून आमच्याकडे आल्या होत्या. पाऊल इतकं सुजलं होतं की बोटानं दाबलं की खळगा पडायचा. त्यांनी सांगितलं, बीपीची एकच गोळी घेते. पिशवी टेबलावर उलटी केली तर दोन पाकिटं निघाली, एक गावच्या डॉक्टरांचं, एक पुण्यातल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, पण खाली बारीक अक्षरात दोन्हीवर एकच औषध लिहिलेलं : अॅम्लोडिपिन. या औषधानं पायावर सूज येऊ शकते आणि मावशी दुप्पट घेत होत्या. एक पाकीट बंद केलं आणि सूज उतरली. त्यांना तपासण्यांचा कागद देण्याआधी ती पिशवी बघितली गेली हे फार बरं झालं.

उठण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा : “म्हणजे ही गोळी रात्री जेवणानंतर, पंधरा दिवस, आणि मग परत दाखवायचं, बरोबर ना?” आणि एक प्रश्न विचाराच : काय झालं तर पंधरा दिवस न थांबता यायचं? तुमच्यापुरतं मीही सांगून ठेवते. चक्करेसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसायला लागले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर अपॉइंटमेंट घेत बसू नका, त्याच क्षणी कॅज्युअल्टी गाठा.

यजमानांना सोबत न्या. चिडण्यापेक्षा त्यांनी शेजारी बसून सूचना लिहून घेतल्या तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न : माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. मिस्टर हिंजवडीला, त्यामुळे दवाखान्यात मीच नेते. डॉक्टरांनी ‘काय म्हणताय आजोबा’ विचारलं की हे ‘एकदम उत्तम’ म्हणून मोकळे. घरी मात्र रात्री चार-पाच वेळा उठतात, मागच्या महिन्यात बाथरूमजवळ पडले. मी सांगायला गेले तर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. आता मी गप्प बसते.
— एक सून, कर्वेनगर

उत्तर : तुमची कळकळ पत्रात दिसते आहे. पण सासऱ्यांच्या जागी बसून बघा. आयुष्यभर ज्यांनी घर चालवलं, त्यांच्या लघवीबद्दल सुनेनं परक्या माणसासमोर बोलायचं, हे त्यांना लागतं. ते ओरडले ते लाजेनं.

तेव्हा जाण्याच्या आधी घरीच, चहाच्या वेळी, मुलानं विषय काढावा. वडिलांशी हे बोलायला मुलगा हवा, नोकरी कितीही लांब असली तरी. “बाबा, तुम्ही पडलात हे डॉक्टरांना कळायला हवं. तुम्ही सांगता की मी चिठ्ठी लिहून देऊ?” असं त्यांनाच विचारावं. बहुतेक जण चिठ्ठीला हो म्हणतात. ती चिठ्ठी रिसेप्शनवर केसपेपरला लावून द्या, म्हणजे आत बोलावण्याआधीच डॉक्टर वाचतील. चिठ्ठीत मत नको, घटना हव्यात : कोणत्या तारखेला पडले, किती वाजता, उठताना की चालताना, डोकं आपटलं का, शुद्ध गेली होती का, रात्री किती वेळा उठतात.

आत गेल्यावर डॉक्टरांना नमस्कार करा आणि म्हणा, “बाबा तुमच्याशी बोलतील, मी बाहेर थांबते. शेवटी औषधं समजून घ्यायला येते.” तुम्ही बाहेर गेलात की आतलं बोलणं बदलेल. मी कितीतरी वेळा पाहिलंय, दार लागलं की आजोबा खुर्ची पुढे ओढतात आणि हळू आवाजात बोलायला लागतात. लघवी, बद्धकोष्ठ, झोप न लागणं, जगायचा कंटाळा येणं, हे लेकीसुनांसमोर निघत नाही.

त्यांना ऐकू कमी येतं का, तेही बघा. ‘एकदम उत्तम’ हे कधीकधी प्रश्न नीट ऐकू न आल्याचं उत्तर असतं. श्रवणयंत्र घरी डबीत ठेवून दवाखान्यात येणारी माणसं कमी नाहीत.

गोळ्यांबद्दलही विचारा. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी अंथरुणातून उठताना बीपी एकदम खाली येऊ शकतं. रक्तदाबाच्या गोळ्या जोडीला असतील तर जास्तच. म्हणून डॉक्टरांना म्हणा, “यांचं बीपी झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर, असं दोन्ही वेळा बघाल का?” दोन मिनिटांचं काम आहे, आणि पडणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं ते व्हायला हवं. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

प्रश्न : मी ४२ वर्षांची आहे, घरी शिवणकाम करते. वर्षभर पाळीला खूप रक्त जातं, दोन जिने चढले तरी धाप लागते, केस गळतात. पहिले डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेता तुम्ही. त्यांनी मला काही विचारलंच नाही, सगळं मिस्टरांनाच विचारलं आणि मिस्टरच बोलले. दुसरे डॉक्टर सोनोग्राफी बघून म्हणाले, गाठ आहे, दोन मुलं झाली आहेत ना, मग पिशवी ठेवून काय करायचंय, पुढच्या आठवड्यात काढून टाकू. घरचे तयार आहेत. माझं मन होत नाही. मी चुकते आहे का?
— एक वाचक, मांजरी

उत्तर : नाही. अजिबात चुकत नाही. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला फार वाईट वाटलं, कारण अशा बायका आमच्या ओपीडीत रोज यायच्या आणि नवऱ्याच्या मागे उभ्या राहायच्या. दुखणं तिचं आणि खुर्चीवर तो.

आधी टेन्शनचं बोलू. ताण सगळ्यांना असतो, आणि त्यानं शरीर बिघडतंही. पण ४२ वर्षांच्या बाईला जास्त रक्त जातंय आणि धाप लागते आहे म्हटल्यावर हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय टेन्शन म्हणायचं नसतं. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं आहे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. सीबीसी (हिमोग्लोबिन जिच्यात कळतं ती रक्ताची तपासणी) आणि थायरॉइडची टीएसएच, या दोन तपासण्या तुमच्या झाल्या आहेत का, ते रिपोर्ट काढून बघा. नसतील तर सरळ म्हणा : “डॉक्टर, टेन्शनखेरीज हे आणखी कशानं होऊ शकतं, आणि ते नाही हे आपण कसं बघणार?” हा प्रश्न उद्धट नाही. चांगले डॉक्टर तो मनातल्या मनात स्वतःलाच विचारत असतात.

‘खूप रक्त जातं’ हे सांगायची रीत आहे. घरात कालनिर्णय असेल, त्याच्यावर पाळीच्या प्रत्येक दिवशी किती पॅड बदलले ते पेन्सिलनं लिहा. रक्ताच्या गाठी पडत असतील तर तिथं फुली मारा. रात्री पॅड बदलायला उठावं लागलं, चादर खराब झाली, शिवणाचं काम बंद ठेवावं लागलं, तेही लिहा. महिन्याचं ते पान सरळ फाडून डॉक्टरांपुढे ठेवा. असं पान समोर आल्यावर ‘बायकांना असतंच थोडंफार’ म्हणणं अवघड होतं. आणि तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल किंवा उभं राहिल्यावर घेरी येत असेल, तर त्या दिवशी महिना संपायची वाट बघू नका, लगेच दाखवा.

आता पिशवीचं. गर्भाशय काढायचं ऑपरेशन काही वेळा खरोखर लागतं, आणि लागतं तेव्हा ते बाईला वाचवतं. पण ‘मुलं झाली आहेत’ हे ऑपरेशनचं कारण होऊ शकत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या ते तुम्ही वाचलं असेल. २०१९ मध्ये राज्य सरकारला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्यांतल्या कितीतरी जणी तुमच्याहून लहान होत्या.

डॉक्टरांना विचारा : गाठ किती सेंटिमीटरची आहे आणि पिशवीत नेमकी कुठे? एवढं रक्त तिच्यामुळेच जातंय हे कशावरून? गोळ्यांनी, किंवा पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या साधनानं भागेल का? नुसती गाठ काढता येईल का? चाळिशी उलटली आहे, तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा का? तीन महिने थांबलं तर काय होईल? आणि एक प्रश्न अगदी विसरू नका : पिशवीबरोबर अंडाशयं काढणार की ठेवणार? दोन्ही अंडाशयं काढली की पाळी जाण्याचं वय एकदम अंगावर येतं, हाडं लवकर ठिसूळ होतात. याबद्दल ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, त्याआधी बोलणं व्हायला हवं. या प्रश्नांना शांतपणे उत्तरं देणारे डॉक्टर ऑपरेशन करा म्हणाले, तर त्यांचं ऐकण्यात भीती नाही. प्रश्न विचारल्यावर ‘मग तुमचं तुम्ही बघा’ म्हणाले, तर तुम्हाला दुसरं मत हवंच आहे.

दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, रुग्णहक्कांच्या सनदेत तो स्पष्ट लिहिलेला आहे. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही घेऊन ससूनच्या किंवा मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत दाखवा. रांग असेल, अर्धा दिवस मोडेल. तरी जा.

सही कुणाची, हेही सांगते. तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीवर आहात, तर संमती फक्त तुमची. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. एका बाईंनी फक्त दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन त्यांचं गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. ती संमती न्यायालयानं ग्राह्य धरली नाही. आईची सही चालली नाही, तिथं नवऱ्याची किंवा सासूची चालणार नाही. फॉर्म कोरा असेल तर सही करू नका. काय काय काढणार ते तुम्हाला कळेल अशा मराठीत लिहून घ्या आणि वाचून मग सही करा.

मिस्टरांशी भांडायची गरज नाही. पुढच्या वेळी आत जाण्यापूर्वी सांगा, “पाळीचं मी बोलते, तुम्ही औषधांचं लक्षात ठेवा.” खुर्चीवर तुम्ही बसा. डॉक्टर त्यांच्याकडे बघून विचारायला लागले तर उत्तर तुम्ही द्या, दोनदा असं झालं की डॉक्टरांची मान आपोआप तुमच्याकडे वळते. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर खोलीत बाई हवी, सिस्टर किंवा तुमच्या घरातली. तोही तुमचा हक्क आहे, मागायला संकोच करू नका.

आणि पुढच्या आठवड्याचं ऑपरेशन? फोन करून पुढे ढकला. आत्ता तुमची प्रकृती तातडीची असती, तर डॉक्टरांनी तुम्हाला आठवड्यानं बोलावलं नसतं.

प्रश्न : आईची अँजिओग्राफी झाली. बायपास सांगितली आहे. आम्हाला दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचं आहे, पण रुग्णालय कागद देत नाही. ‘डॉक्टर बाहेरगावी आहेत’, ‘रेकॉर्ड रूम बंद आहे’ अशी उत्तरं मिळतात.
— एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : तोंडी मागणं बंद करा, लेखी अर्ज द्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार, दाखल पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची असतात आणि पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्यापासून ७२ तासांच्या आत द्यायची असतात. अर्जात आईंचं नाव, आयपीडी नंबर (दाखल पेशंटला रुग्णालय देतं तो), दाखल झाल्याची तारीख, आणि कोणते कागद हवेत ते लिहा. खाली आईंची सही हवी. तुम्ही जाणार असाल तर ‘माझ्या मुलाकडे द्यावेत’ अशी एक ओळ त्यांच्याकडून लिहून घ्या. दोन प्रती करा, एक देऊन दुसरीवर तारीख, वेळ आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवा.

महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले गेले. खासगी रुग्णालयानं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं आहे. अर्ज देताना काउंटरजवळच्या भिंतीवर सनद लावली आहे का, ते बघा. असेल तर तिच्याकडे बोट दाखवून बोलता येतं. तीन दिवस उलटून गेले तर रुग्णालय ज्या महापालिकेच्या हद्दीत आहे, तिच्या आरोग्य विभागाकडे पोच जोडून तक्रार करा. डॉक्टरांविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाते. पण शिक्क्याची पोच हातात आल्यावर बहुतेक ठिकाणी तिथवर जावं लागत नाही. काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवू नका, कागद द्यायचे की नाही हे ती ठरवत नसते.

अर्जात ‘अँजिओग्राफीची सीडी’ असं वेगळं लिहा. नुसत्या छापील रिपोर्टवरून दुसऱ्या तज्ज्ञांना नीट सांगता येत नाही, रक्तवाहिनी कुठे आणि किती अरुंद झाली आहे ते त्यांना चलचित्रात बघायचं असतं. सीडी मिळाली की काउंटर सोडण्याआधी तिच्यावरचं नाव आणि तारीख आईंचीच आहे ना, तेवढं तपासून घ्या. एको, ईसीजी आणि सध्याच्या गोळ्यांची यादी सोबत लागेल. दाखवायला जाल तेव्हा आईंनाही घेऊन जा, आणि छातीत कधी, किती चालल्यावर, कसं दुखतं, ते त्यांनाच सांगू द्या.